झाराचं दुखणं

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर होती. मी डॉग हँडलर. माझ्याकडे लॅब्राडोर जातीची कुत्री होती, स्फोटकं शोधणारी. नाव झारा. त्या चौकीवर शेवटून दुसऱ्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली आणि खडकांच्या फटीत पडली. मागच्या उजव्या पायाचा खुबा निखळला. युनिटच्या व्हेटर्नरी ऑफिसर, तेव्हा कॅप्टन होत्या, त्यांनी तो बसवला. आठ आठवड्यांनी झारा ड्यूटीवर परत आली.

त्या आठ आठवड्यांत मॅडमनी मला एक काम शिकवलं. त्या साताऱ्याच्या, बोलणं थोडं. म्हणाल्या, "कुत्रं दुखतंय म्हणून ओरडेलच असं नाही. उलट लपवेल. तुला बघून ओळखायचंय." काय बघायचं तेही सांगितलं. उन्हात न फिरता लागलेली धाप. मागे पडलेले कान. उगाच ओठ चाटणं. बसताना एका बाजूला कललेलं अंग. रोज सकाळ-संध्याकाळ वहीत शून्य ते दहा आकडा लिहायचा. दहा म्हणजे असह्य. आणि एक ऑर्डर: माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. कधीच नाही.

मी म्हणालो, "येस, मॅडम."

झारा नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला रिटायर केलं. त्याच वर्षी माझी नोकरीची सतरा वर्षं पूर्ण झाली आणि मीही सुटलो. तिच्यासाठी मी अर्ज केला आणि ती मला मिळाली. दोघं एकाच गाडीने गोंदियाला उतरलो.

आमचं गाव गोरेगावच्या पुढे, आत. माझ्या मायने कुत्रीचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"झारा? भजे काढाचा झारा का?"

"नाही वं माय. आर्मीतलं नाव होय."

"मंग आर्मीत भजे तळून राहिली होती का हे?"

माय दोन दिवस हसत होती. पण झाराची भाकर पहिल्या दिवसापासून तिनेच केली.

गावातलं पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या थंडीत खुब्याने डोकं वर काढलं. सांध्याची झीज, गोरेगावच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे बरं होणारं दुखणं नव्हतं, सांभाळायचं होतं. मॅडम आता मेजर झाल्या होत्या. फोनवर त्या आणि डॉक्टर बोलले आणि रुटीन ठरलं. पहाटे साडेपाचला बांधावरून वीस मिनिटं चालणं, त्याहून जास्त नाही. सातला खाणं, खाण्यावर कुत्र्यांसाठीची गोळी. दुपारी शेक. वजन कमी. घरात फरशी होती, तिच्यावर झाराचा पाय सरकायचा. माझी बायको शीला हिने राईस मिलमधून जुना बारदाना आणला आणि दारापासून चुलीपर्यंत अंथरला. वहीतला आकडा सहावरून तीनवर आला.

गेल्या वर्षी धान गर्भात असताना, लोंब्या फुटायच्या आधी, सलग पाऊस लागला. गावाला बाहेर पडायला दोन वाटा. एका वाटेवर नाल्याचा रपटा आहे, बुटका पूल, तो सोमवारी सकाळी पाण्याखाली गेला. दुसरी वाट तलावाच्या खालून जाते. दुपारी तलावाचा सांडवा वाहू लागला आणि तीही गेली. संध्याकाळी लाईट गेली. गोरेगाव नऊ किलोमीटरवर, पण ते असून नसल्यासारखं झालं.

झाराची गोळी सोमवारी सकाळी संपली. नवीन पाकीट मी शनिवारी आणायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं. चूक तिथून सुरू होते.

मंगळवारी ओलीने सांधे धरले. आकडा सात. बुधवारी आठ. ती उठेना. पाठ वाकवून बारदान्यावर उभी राहायचा प्रयत्न करायची आणि परत बसायची. आवाज नाही. मी घरातून अंगणात, अंगणातून रपट्यापर्यंत जाऊन पाणी बघून यायचो. वीत दोन वीत उतरलं का? नाही. परत घरी. तिचे डोळे माझ्यावर. चौकीवर बर्फात पंधरा दिवस अडकलो होतो, तेव्हा इतका कोंडलो नव्हतो. तिथे माझ्यासमोर कोणी असं बघत बसलेलं नव्हतं.

माय म्हणाली, "मले दुखते त मी बोंबलतो. हे त बोलतबी नाही. काही देनं रे बाबू तिले."

माझ्या गुडघ्यासाठी मी एक गोळी घेतो. कपाटात होती. बुधवारी दुपारी चार वाजता मी तिचे दोन तुकडे केले. ऑर्डर आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. तरी अर्धी गोळी गुळात घालून दिली.

सहा वाजता झारा उठली. चालत दारापर्यंत गेली, शेपूट हलवली. शीला म्हणाली, "पाहा, बरी झाली." मला मॅडमचा थोडा रागही आला, की इतकी साधी गोष्ट कायले नाही म्हणत होत्या. मी दुसरी अर्धी दिली. गुरुवारी सकाळी आणखी एक अख्खी दिली. त्या दिवसापासून मी वही लिहिणं बंद केलं होतं. हेही इथे सांगितलं पाहिजे.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला तिने उलटी केली. कॉफीच्या भुकटीसारखी काळपट. मागे शेणकुडाजवळ, उकिरड्यापाशी, जाऊन पाहिलं, तर विष्ठा डांबरासारखी काळी. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

नेटवर्क फक्त छतावर मिळायचं, एक कांडी. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला आणि आठ चाळीसला मेजर मॅडमना लावला.

"मॅडम, झारा. काळी उलटी. हिरड्या पांढऱ्या."

"काय दिलंस?"

"काही नाही, मॅडम."



"हवालदार, खरा रिपोर्ट."

सतरा वर्षांत मी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. तो पहिला होता. मी गोळीचं नाव सांगितलं, किती दिल्या ते सांगितलं, वेळा सांगितल्या.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पोटात जखमा होऊन रक्त जातंय. किडनीवरही मार असेल. आता तोंडातून काही नाही. गोळी नाही, दूध नाही, घरगुती काही नाही. उबेत ठेव. तिला सलाइन आणि इंजेक्शन लागणार. किती वेळात पोचवशील?"

"रस्ता बंद आहे, मॅडम. दोन्ही बाजू."

"विचारलं ते सांग."

"बारापर्यंत."

कसं, ते मला माहीत नव्हतं. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तलावाच्या पलीकडच्या पाळीपर्यंत, मातीच्या बांधापर्यंत, मोटरसायकल येते, मी सामान घेऊन तिथे थांबतो.

तेव्हा कुठे मला आठवलं, गावात सुकरामभाऊ ढिवर आहेत. तलावात मासे धरतात. त्यांच्याकडे डोंगा आहे, एका लाकडातून कोरलेला, दोन माणसांपुरता. मी गेलो तेव्हा ते जाळं सोडवत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुत्र्यासाठी?"

"हो."

"काऊन असा झाला ते?"

"मी चुकीची गोळी दिली."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "नाल्यात धार आहे, तिकडून नाही जमाचं. तलावातून नेतो. पण पाहा, जनावर हाललं त डोंगा पलटते. मंग तिघंबी गेलो."

दहा पंचवीसला आम्ही निघालो. झाराला बारदान्यात गुंडाळून डोंग्याच्या तळाशी निजवलं. डोंगा तिच्या अंगाएवढाच रुंद. मी तिच्या डोक्याशी गुडघे टेकून. सुकरामभाऊ मागे, हातात बांबू. मी तिला म्हणालो, "झारा, स्टे."

तलाव पार करायला एरवी पंधरा मिनिटं लागत असतील. त्या दिवशी पन्नास लागली. पाऊस होता, वाऱ्याने डोंगा तिरपा व्हायचा, बुडालेल्या झुडपात अडकायचा. मध्ये एकदा खालून काही तरी घासलं आणि पाणी आत आलं. मी वाटीने उपसत होतो. तिच्या पोटात पेटके येत होते, कातडीखाली स्नायू उडताना दिसत होते. पाय दुमडलेला, तोच पाय, दुखरा. तिने तो सरळ केला असता तर कोणी दोष दिला नसता. तिने केला नाही. पन्नास मिनिटं ती हलली नाही.

सुकरामभाऊ एकदाच बोलले. "माणूस नसता राहिला असा."

पाळीवर डॉक्टर रेनकोट घालून उभे होते. सव्वाअकराला सुई लागली. सलाइनची बाटली त्यांनी पळसाच्या फांदीला अडकवली. पोटाचं इंजेक्शन दिलं, मग दुखण्याचं दुसरं, वेगळ्या जातीचं. वीस मिनिटांनी तिने पाय लांब केला आणि झोपली. मी तेव्हा पाळीवर बसलो. सुकरामभाऊंनी मला तंबाखू दिली. मी खात नाही, पण घेतली.

गोरेगावात सहा दिवस डॉक्टरांच्या पडवीत आम्ही दोघं राहिलो. ती वाचली. किडनी मात्र अर्धीच राहिली, आणि आकडा तीनवर आणणारी तिची रोजची गोळी कायमची बंद झाली. म्हणजे माझ्या दोन गोळ्यांनी तिचं दोन दिवसांचं दुखणं थांबवलं आणि पुढचं सगळं वाढवलं. डॉक्टरांनी दुसरी औषधं बसवली. मी दिवसातून तीनदा पाय चोळायचो, शेक द्यायचो, मागच्या अंगाला पट्टा लावून उभं करायचो. वही परत सुरू केली. आकडा पाचच्या खाली क्वचित गेला. माय तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायची.

असे दहा महिने. मग एका आठवड्यात सलग चार दिवस आठ लिहिला. पाचव्या दिवशी तिने भाकर हुंगली आणि तोंड फिरवलं. मी मेजर मॅडमना फोन केला. त्यांनी सगळे आकडे वाचायला लावले. म्हणाल्या, "आता तिला बरं करता येणार नाही. थांबवता येईल. ते तुला ठरवावं लागेल."

"येस, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्टर घरी आले. आधी झोपेचं इंजेक्शन. तिची धाप शांत झाली, कान सैल पडले. मग दुसरं. दहा वाजून बावीस मिनिटांनी डॉक्टरांनी मान हलवली. सुकरामभाऊ आणि मी मिळून आमच्या बांधावर खड्डा केला.

आता आजूबाजूच्या गावातले लोक कुत्रं लंगडलं की माझ्याकडे येतात. बहुतेक जण खिशात स्वतःची गोळी घेऊनच येतात, अर्धी देऊ का विचारतात. मी त्यांना ही हकीकत सांगतो, पूर्ण, काही न गाळता. मग डॉक्टरांचा पत्ता देतो.

काही जण विचारतात, फौजेत तिने केलं तरी काय. सात वर्षांत अकरा वेळा ती रस्त्यावर थांबली आणि खाली बसली. अकराही वेळा जमिनीत काही तरी पुरलेलं निघालं. दर वेळी तिच्यामागे वीस-पंचवीस जवान चालत होते. त्यातले बरेच आज आपापल्या गावी आहेत, कोणी शेती करतो, कोणी बँकेच्या दारावर उभा असतो. सगळे दोन्ही पायांवर चालतात.