गोदामाची झाडण

पितांबर एकवीस वर्षं खताच्या गोण्या वाहत होता. एरंडोलला बसस्टँडच्या मागं रुपचंदशेठचं खताचं दुकान, दुकानाच्या मागं पत्र्याचं गोदाम, आणि गोदामात पितांबर. सकाळी तो काळा असे आणि संध्याकाळी पांढरा. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीच्या केसांवर खत बसलेलं. घाम आला की ते विरघळून डोळ्यांत उतरे. डोळे कायम लाल. ज्यांना ठाऊक नव्हतं ते म्हणत, हा गडी नशापाणी करत असणार. त्यानं जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती.

शेतकरी पैसे शेठला देत आणि सल्ला पितांबरला विचारत. शेठनं कपाशीला चार गोण्या सांगितल्या की पितांबर गाडीत गोणी टाकताना हलक्या आवाजात म्हणे, दोनच न्या, बाकीच्यात लेंडीखत घ्या. मिरचीला काय, केळीला काय, चुनखडीच्या जमिनीला काय, पैसा कमी असेल तर आधी काय आणि नंतर काय, हे सगळं त्याच्या पाठीला माहीत होतं. शेठला हे कळत होतं. तो चिडत नसे, कारण ज्याचे दोन पैसे वाचले तो पुढच्या वर्षी याच दुकानात येई. दुपारी गल्ल्यावरून तो हाक मारी, "डाक्टरसाहेब, आज कोणाला उपाशी ठेवलं?"

डॉक्टरसाहेबांना स्वतःची जमीन नव्हती. घरामागं मोरीचं पाणी जायचं तिथं चार हात रुंदीची पट्टी होती. तिच्यात रुक्माबाई, त्याची बायको, गवती चहा आणि तुळस लावायची. मूल झालं नाही. त्याविषयी दोघांनी बोलणंही फार वर्षांपूर्वी थांबवलं होतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, रुक्माबाईच्या ओटीपोटात दुखायला लागलं. धुळ्याला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टर पितांबरला बाजूला घेऊन म्हणाले, गाठ पसरली आहे, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. आवडेल ते काय, तिच्या पोटात पेजही टिकत नव्हती. गोळ्या दिल्या होत्या. पहिल्या महिन्यात एका गोळीला ती सहा तास झोपे. दुसऱ्या महिन्यात दोन तास. मग नुसते डोळे मिटून पडे आणि पितांबरला कळे की ती झोपलेली नाही. झोपलेल्या माणसाच्या पायाची बोटं वळत नाहीत.

अंजनी नदीच्या काठी एका समाधीवर एक म्हातारा गोसावी राहत असे. पितांबर त्याच्याकडे गेला. गोसाव्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, गांजाची पानं दुधात घोटून पाजलीस तर झोप लागेल, भूकही लागेल. पूर्वी असतं तर आत्ता पुडी दिली असती. आता कायदा कडक झाला, माझ्याकडेच चिमूट नाही. त्यानं झोळी झटकली. कापडाच्या शिवणीत अडकलेल्या सहा-सात बिया निघाल्या. त्या त्यानं वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिल्या. गांजा विकत कुठं मिळतो हे पितांबरनं विचारलं नाही. बेड्या घालून त्याला नेलं तर रुक्माबाईला पाणी कोण पाजणार, एवढाच हिशेब त्यानं केला.

तीन रोपं तगली. आणि आख्ख्या तालुक्याला खत सांगणारा माणूस त्या तीन रोपांपुढं अडाणी होऊन बसला. हे झाड त्यानं कधी वाढवलं नव्हतं, कोणाला विचारायची सोय नव्हती. तो पानांकडे बघत बसे. पान अंबाडीसारखं. मग पोटही अंबाडीसारखंच असेल का? सुरुवातीला पानासाठी एक खत लागतं, पुढं फुलोऱ्यासाठी दुसरं, हा सगळ्या झाडांचा धर्म आहे, तेवढ्या धर्मावर तो चालला. निंबोळी पेंड घ्यावी असं मनात होतं, पण शेठ गोणी फोडून देत नसे आणि आख्खी गोणी घेतली तर गोळ्या राहिल्या असत्या. लेंडीखताची टोपली कोणी दिलीही असती, पण गल्लीतून शेण-लेंडी घरात जाताना दिसली की लोक विचारतात, काय लावलं.

राहिली झाडण. फाटलेल्या गोण्यांतून सांडलेलं शनिवारी झाडून काढायचं आणि ते हमालांनी वाटून घ्यायचं, ही शेठच्या वडलांपासूनची रीत. त्यात युरिया, सुपर, पोटॅश, सगळं एकत्र, मातीसकट. पितांबर आपला वाटा आजवर चिंधाला देऊन टाकी. चिंधा त्याचा जोडीदार हमाल, त्याच्या घरामागं वांग्याचा वाफा होता. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा पितांबर म्हणाला, माझा वाटा मला दे. चिंधानं विचारलं, काय केळीचा बाग घेतला का?

एकत्र झाडण त्याला उपयोगाची नव्हती. आता काय द्यायचं आणि मागाहून काय, ते वेगळं हवं होतं. रविवारी सकाळी त्यानं ती धोतराच्या फडक्यावर पसरली आणि दाणे निवडायला बसला. गोणी उचलणारी बोटं ती, त्यांच्यानं दाणा धरवेना. बाजेवरून रुक्माबाई बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सूप आना इकडे."

त्यानं सूप तिच्या मांडीवर ठेवलं. ती उशीला टेकून बसली आणि तांदूळ निवडावेत तशी खत निवडू लागली. पांढरे गोल दाणे एका वाटीत. लालसर खडे दुसरीत. राखाडी तिसरीत. वाऱ्याला धरून माती उडवली. खाली उरलेली बारीक भुकटी तिनं सुपाला टिचकी मारून चौथ्या वाटीत घेतली आणि म्हणाली, हे कशाचं ते माहीत नाही, पण वाया कशाला जायचं. तीसुद्धा मुळाशी गेली.

मग दर रविवारी तेच. आठवड्यातला तो एक तास ती बसू शकायची. कधी निवडता निवडता दुखणं मध्येच आलं की हात थांबे, ओठ आत ओढले जात, ते गेलं की हात पुन्हा चालू. ती हसायचीही. पितांबरला म्हणायची, तुम्ही एकवीस वर्षं वाहिलं, पण दाणा ओळखला मी. झाडं तिनं पाहिली होती. कशाकरता आहेत ते तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती रोज विचारी, आज कितीक झाली. गुडघ्याएवढी. कमरेएवढी. लवकर करा म्हणावं.

भाद्रपदात झाडं कुडाच्या वर गेली. शेजारची लताबाई दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, अंबाडी डोकावर गई. भाजी कव्हय करशात?"

"कडू शे, बाई," रुक्माबाई पडल्या पडल्या म्हणाली, "बीकरता ठेयेल शे." लताबाई गेल्यावर ती इतकी हसली की पोट धरून कण्हायला लागली.

दिवाळीनंतर तुरे भरले. हात लावला तर चिकट. पितांबरनं ते काढायला मनाशी आठ दिवस धरले. रुक्माबाईला आता पाणीही चमच्यानं लागत होतं. सुपाचं काम दोन आठवड्यांपूर्वीच थांबलं होतं.

त्या शनिवारी झाडणीची पिशवी त्यानं चिंधाच्या हातात दिली, आता लागत नाही म्हणाला. चिंधा खूश झाला. म्हणाला, वांगी झाली, आता त्याच वाफ्यात मेथी टाकतो. पितांबर नेहमीचं बोलला. गेली कित्येक वर्षं झाडण नेणाऱ्या प्रत्येकाला तो हे बोलत आला होता, विचार न करता, गोणी उतरवताना 'हं' म्हणावं तसं.

"मुळाशी टाकू नको. खावाना जिनसासले हाई चालत नही."

आणि तो तिथंच उभा राहिला.

गोदामाच्या भिंतीकडेनं वाळवीसाठी बीएचसीची विषारी पावडर ओढलेली असे. पावडरीच्या गोण्याही त्याच पत्र्याखाली, त्याही फाटत. केरसुणी सगळ्यांवरून फिरे. झाडण कडुलिंबाच्या झाडाला, झेंडूला, बांधावरच्या गवताला चालते. वांग्याला, मेथीला चालत नाही. चिंधासुद्धा आपल्या वाफ्याच्या कडेलाच ती टाकत असे. पितांबरच्या डोक्यात दोनच खण होते, खायचं आणि न खायचं, आणि हे झाड त्यानं आयुष्यभर फक्त चिलमीत पाहिलं होतं. ते खायच्या खणात टाकायचं त्याला सुचलंच नाही. ती चौथी वाटी त्याला आठवली. तिच्यातली भुकटी. तिचा कुबट वास, जो एकवीस वर्षांत त्याच्या नाकाला लागेनासा झाला होता. आणि ती बोटं, उघडी, जी नंतर पदराला पुसून तोंडाला लागत.

चिंधा म्हणत होता, काय झालं रे. तो तसाच घराकडे निघाला.

घरी येऊन त्यानं रुक्माबाईला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, झाडं खराब निघाली म्हणता आलं असतं. पण तिनं दाणा न् दाणा निवडला होता. तिला खोटं सांगायचं त्याच्या जिभेला जमलं नाही.

आढ्याकडे बघत ती म्हणाली, "मरनाराले जहर काय करी?"

"मन्हा हातखाल नही."

"मंग कोना हातखाल? देव येवाव शे का चमचा लिसन?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसरं पीक घ्यायला चार महिने लागतात. ते दोघांपैकी कोणी बोललं नाही.

रविवारी सकाळी त्यानं मार्ग काढला. आधी आपण प्यायचं. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात आधी मूठभर टाकून बघा म्हणाला, त्याला दुसरं काय सुचणार. उद्यापर्यंत आपल्याला काही झालं नाही, तर तिला द्यायचं. एक दिवस, बस. एक दिवस ती काढील. त्यानं तिला तसं सांगितलं. तिनं मानेनं हो म्हटलं. राग गेला होता की ताकद, ते त्याला कळलं नाही.

पाट्यावर त्यानं वाटलं, दुधात घातलं, वस्त्रगाळ केलं. किती, हे माहीत नव्हतं. हमालाचा देह, म्हणून हमालाच्या मापानं घेतलं. दहाच्या सुमाराला प्याला आणि तिच्या बाजेशी बसला. ती त्याच्याकडे बघत होती, तो स्वतःकडे. अकरा वाजले. उलटी नाही, पोटात कळ नाही. "काहीच व्हत नही," तो म्हणाला. ती म्हणाली, बरं. गेले दोन महिने तो तिच्याबरोबर जागा होता. पाठ जरा टेकावी म्हणून तो भिंतीला टेकला.

जाग आली तेव्हा उंबऱ्यावर ऊन होतं. सोमवारचं. डोकं स्वच्छ, अंग हलकं, आणि कडकडून भूक. कित्येक वर्षांत अशी भूक लागली नव्हती. गोसावी खरं बोलला होता. काही झालं नव्हतं, काही होत नव्हतं, झाडं चांगली होती. तो उठला तो सरळ चुलीकडे गेला. दूध तापवलं. पाट्याशी बसला आणि घाईनं वाटलं, या वेळी थोडंसं, तिच्या मापाचं. मागं न बघता तो तिच्याशी बोलत होता, भूक लागली बघ मला म्हणून. मग पेला आणि चमचा घेऊन बाजेशी आला.

ती कधीची थंड झालेली होती.

पाट्यावरचं वाटण बघून गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. बायको मेली आणि हा गांजा पिऊन पडला होता. डोळे बघा, आम्हाला आधीपासून माहीत होतं. त्यानं ते कधी खोडून काढलं नाही. खोडण्यासारखं त्यात काय होतं? झाडं त्यानं तिरडी निघायच्या आधी उपटली आणि उकिरड्यात पुरली.

दहाव्याला लताबाई भांडी घासायला आली. काम झाल्यावरही ती दाराशी रेंगाळली, आणि मग तिच्यानं राहवलं नाही. रविवारी चार वाजता ती डोकावली होती. रुक्माबाई जागी होती. अंथरूण मुठीत धरलं होतं. लताबाई पितांबरला नाना म्हणे. ती म्हणाली, नानांना उठवते. तर रुक्माबाईनं हातानं अडवलं. म्हणाली, "नको. झोपू दे त्यासले. कितला दिननी झोप शे." मग लताबाईनं दोन चमचे पाणी पाजलं आणि ती आपल्या घरी गेली. इतकंच.

पितांबर उंबऱ्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "दुखत व्हतं का तिले?"

लताबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मग ती म्हणाली, "व्हय, नाना. भलतंच."

त्यानं मान हलवली, आणि तिला घरी जायला सांगितलं.