नऊ डावे हात

ती घटना आठवली की आजही माझी नजर समोरच्या माणसाच्या हातांकडे जाते. बायको रागावते. म्हणते, पाहुण्यांच्या हातांकडे असं टक लावून बघू नका, त्यांना वाटेल अंगठीवर डोळा आहे.

मी तेव्हा शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. तिथल्या एका लहान कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये एका तिशीतल्या कामगाराच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की बोटं साच्यात सापडत नाहीत. पंचनाम्यात मात्र त्या मशीनचं डावं बटण सुतळीनं दाबून बांधलेलं मिळालं. म्हणजे एका हातानं बटण आणि दुसऱ्यानं पत्रा, काम झपाट्यानं. सुतळी कोणी बांधली, एवढाच तपास होता.

उत्तर तयारच होतं. त्या पाळीतल्या नऊही कामगारांनी जबाब दिला होता, "काम लवकर उरकावं म्हणून त्यानं स्वतःच बटण बांधलं." आमच्या लेखनिक हवालदारानं पहिला जबाब सविस्तर लिहिला होता आणि पुढच्या आठांत नाव-गाव बदलून 'वरीलप्रमाणे' करून मोकळा झाला होता. खात्याची जुनी सवय. अक्षर सुरेख, फक्त लिहायचा कंटाळा. वरिष्ठांचाही फोन आला, "किरकोळ आहे, निकाली काढा." मी "हो सर" म्हणालो आणि पेनाचं टोपण काढलं. खोटं कशाला सांगू, सही झालीच असती.

तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, आत्ता एक फोन आला. नाव सांगितलं नाही. म्हणाला, एकच नाय, समद्या मशीनींची बटणं बांधलेली व्हती. अन् ठेवून दिला."

मी टोपण परत लावलं आणि बजाजनगरला त्या कामगाराच्या खोलीवर गेलो. दवाखान्यातून नुकताच घरी आला होता. हाताला बँडेज, नजर खाली.

"सुतळी तू बांधलीस का?" मी विचारलं.

"बांधल्याचं आठवत नाय साहेब. पण समदे म्हणत्यात. मामाबी म्हणतो. मामा माझ्यावर खोटं कशाला घालंल? मंग म्याच बांधली असंल."

मामा म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना ऑपरेटर. दोघंही देवगाव रंगारीचे. मामानंच याला इथं आणलं, खोली बघून दिली, मशीन शिकवली. अख्खी पाळी त्याला मामा म्हणायची.

त्या कामगाराची बायको मला दारापर्यंत सोडायला आली. "हात गेला त्यो गेला, साहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता दाराची कडी लावली का, गॅस बंद केला का, धा-धा येळा मलाच इचारतो. सोताच्या डोक्यावरचा भरवसाच उडाला त्याचा. तेवढा परत मिळाला तर बघा."

पोलिसांकडे लोक चोरीचा माल मागतात. ही बाई नवऱ्याचा स्वतःवरचा भरवसा मागत होती. मला गलबलून आलं. जिना उतरताना ठरवलं, हे आणून द्यायचंच.

दुसऱ्या दिवशी नऊ जणांना ठाण्यात बोलावलं आणि एकाच बाकावर बसवलं. ही माझी चूक. ज्याला विचारावं तो आधी मामाकडे बघे, मग दारात उभ्या असलेल्या कारखान्याच्या सुपरवायझरकडे, आणि मग तेच वाक्य. सुपरवायझरला घरी पाठवलं आणि एकेकाला वेगळं आत घेतलं. चहा दिला. तर जो तो मलाच विचारी, "साहेब, बाकीच्यांनी काय सांगितलं?" दरडावून बघितलं, गोंजारून बघितलं. वाक्य हलेना. मामा तर फरशीवरून नजरच उचलत नव्हता.

त्या संध्याकाळी लक्षात आलं, तोंडांची शिकवणी झाली आहे. हातांची कोणी घेतली नसेल.

सकाळी पंचांना घेऊन कारखान्यात गेलो. सुतळ्या केव्हाच गायब झाल्या होत्या. मेन स्विच बंद करायला लावला आणि नऊ जणांना आपापल्या मशीनवर उभं केलं. म्हटलं, "रोज करता तसं काम नुसतं करून दाखवा. बोलायचं नाही. चला."

नऊ उजवे हात बटणावर गेले. नऊ डावे हात सरळ साच्यात गेले. डाव्या बटणाकडे एकही हात वळला नाही.

सगळे तसेच थांबले. आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग शेजारच्याच्या. मामानं हात बाहेर काढला आणि सदऱ्याला पुसला.

"सुतळी म्या बांधली, साहेब," तो म्हणाला. "समद्या मशीनींना. सुपरवायझर म्हणला, ऑर्डर मोठी हाय, बांध. म्या नाय म्हणलो असतो तर एकानंबी बांधू दिली नसती. माझ्याकडं बघूनच चालत्यात हे."

"मग त्या पोरावर का ढकललंत?"

"कारखाना बंद पडंल म्हणला. समदे घरी बसत्याल. पयल्यांदा म्या व्हय म्हणलो. मंग समदे म्हणले."

मागून एक जण म्हणाला, "माझ्याबी मशीनला व्हती." मग दुसरा, मग तिसरा. मी हवालदाराला सांगितलं, आज 'वरीलप्रमाणे' नाही. दुपारपर्यंत बिचारा बोटं चोळत होता.

सुपरवायझर म्हणाला मॅनेजरनं सांगितलं, मॅनेजर म्हणाला वरून दबाव होता. आणखी वर बघावं तर पत्र्याचं छत. त्या दोघांवर दोषारोपपत्र गेलं. मामाची नोकरी गेली, पण कोर्टात तो साक्षीला उभा राहिला. फोन कोणी केला, ते मी शोधलं नाही.

मामाला मी चांगलं फैलावर घेणार होतो. तोंड उघडलं आणि मला माझंच 'हो सर' आठवलं. तोवर मी समजत होतो, खोटं बोलणारा माणूस खोटाच असतो. ती नऊच्या नऊ माणसं भली होती. जो तो मामाकडे बघत होता आणि मामा सुपरवायझरकडे. मी तरी वेगळं काय केलं होतं? त्यानंतर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मी एकदा थांबायला शिकलो.

कारखान्यात जबाब झाले त्याच दिवशी मामाला घेऊन बजाजनगरला गेलो. चपला काढून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"लेकरा, सुतळी म्या बांधली व्हती. तू नाय."

बाईनं मामाकडे न बघता पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

बरोबर आणलेल्या हवालदारानं त्या कामगाराचा जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, 'जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' नोकरीभर ऐकलेलं वाक्य, मी उठायलाही लागलो होतो.

"साहेब, त्ये बटणाचं पुन्यांदा वाचा की," तो म्हणाला.

हवालदारानं वाचलं, "बटण मी बांधले नव्हते."

"आजून एकदा."

या वेळी हवालदाराबरोबर तोही म्हणाला. मग वर बघून बायकोला म्हणाला, "साहेबांना च्या ठेव. अन् गॅस बंद व्हता बरं का मघाशी, म्या बघितला हाय."