सासूबाई खोली बघायला येतात

खोली बघितल्याशिवाय सासूबाई कॉम्प्युटर देत नसत. पैसे रोख असोत, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बोईसरच्या बाजारात, चपलांच्या दुकानामागच्या एका अरुंद गाळ्यात त्यांचं दुकान होतं. गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा म्हटलं की हातातला स्क्रू फिरवता फिरवता त्या विचारत, “राहतोस कुठं? येते बघायला.” आणि खरंच येत. स्कूटरवरून, पायाशी हत्यारांची पिशवी घेऊन. पत्रे बघत, खिडकी बघत, बोर्डात टेस्टर घालून बघत. नाही पटलं तर तोंडावर सांगत, “ह्या खोलीत हतं नाय टिकनार ती.” मशीनला त्या ‘ती’ म्हणत.

म्हणून कंपन्यांमधल्या पोरांनी त्यांचं नाव सासूबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. “बरं हाय,” त्या म्हणायच्या, “येवढे जावई केले, पन अधिक महिन्यात वाण मागायला एक बी येत नाय. नायतर दुकान विकून ताटं वाटावी लागली असती.” समोर मात्र सगळे मावशीच म्हणायचे. मीही.

मावशी मूळच्या दातिवऱ्याच्या. नवऱ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या शेजारी बसून बसून त्या सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकल्या. ती सगळी गोष्ट त्या एका दमात सांगत: “टीव्ही गेले, मग तो गेला. मी राहिले. मग कॉम्प्युटर आले.” इतकंच. पुढे विचारलं तर चहा मागवत.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडचा. नववीतून शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीने तारापूरच्या एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला लागलो. बेटेगावात खोली घेतली. मला काळजी करायची सवय आहे. कुलूप लावून रस्त्यापर्यंत गेलो तरी परत येऊन ओढून बघतो. कंपनीत मला ‘ए हेल्पर’ म्हणतात. मावशी गिऱ्हाइकाला त्याच्या मुलखाच्या नावाने हाक मारायच्या. कोणी लातूर, कोणी जलगाव. मी परभनी. पहिल्यांदा “ये परभनी, बस” म्हणाल्या तेव्हा इतकं बरं वाटलं की कशाला आलो तेच सांगायचं राहिलं.

आलो होतो गजूसाठी. गजू माझा शाळेतला बाकावरचा दोस्त. तो पुढे शिकला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं फोनवर गेम खेळायचो, कानाला हेडफोन लावून. गोळ्या कमी आणि गप्पा जास्त. आठवडाभर हिंदी बोलून जिभेवर चढलेला गंज तेवढ्या वेळात निघायचा. मग गजूने कॉम्प्युटर घेतला आणि फोनवर चालत नाहीत असले गेम खेळू लागला. “तू बी घे की लेका,” म्हणाला. सहज म्हणाला तो. आई सोडली तर मी मनातलं बोलायचो असा तो एकटाच होता. मी नाही घेतला तर रविवार जाणार, हे मला दिसत होतं. त्यातच कंपनीतली भिशी माझ्या नावावर लागली.

काय काय घ्यायचं ते गजूने फोनवर बोलून पाठवलं होतं. मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं. मोठं ग्राफिक्स कार्ड, काचेचा डबा, आत रंग बदलणारे पंखे. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “ह्ये त्याचं झालं. तू खेलतोस कोनाबरोबर?”

कुठला गेम खेळतोस, असं विचारतील म्हणून मी नावं घोकून गेलो होतो. “गजूबरोबर,” म्हणालो.

“जास्ती खेलता, का जास्ती बोलता?”

मी विचार केला. “बोलतो, मावशी.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “आनि पैसं?”

“मधलं बजेट आहे. सत्तर हजारांच्या आत.”

“मधलं बजेट म्हंजे मधला पोरगा. त्याचं कवतिक कोनी करत नाय, पन घर तोच चालवतो. रविवारी येते खोली बघायला.”

आल्या त्या दिवशी मी फरशी दोनदा पुसली होती. त्यांनी फरशी बघितलीच नाही. मी टेबल खिडकीशी लावलं होतं, वारं लागावं म्हणून. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि नाकाने दोन-तीनदा हवा ओढली. कंपन्यांकडून वारं आलं की आमच्याकडे आंबूस वास येतो. इथल्या माणसाला तो वास येईनासा होतो, मलाही झाला होता. मग त्यांची नजर माझ्या गडूवर गेली. आईने येताना दिलेला तांब्याचा गडू, पाण्याचा.

“कधी घासलास ह्यो?”

“परवाच. चिंच लावून.”

“आनि येवढा काला? पोरा, जी हवा तांबं खाते ती तुझी मशीन सोडील काय? आत सगलं तांबंच हाय.”

टेबल त्यांनी स्वतः ओढून आतल्या भिंतीला लावलं. बोर्डात टेस्टर घातला, अर्थिंग नाही म्हणून घरमालकाला बोलावलं. ते आधीच वैतागलेले. “रातदिस गेम खेलनार, बिल कोन भरनार?” मावशी म्हणाल्या, “अवो, गेम खेलनारं पोर घरात असतं. बाहेर जाऊन तुमच्या दारात भांडनं तरी आनत नाय.” मालकांना ते पटलं. अर्थिंग झालं. शेजारच्या खोलीतला पांडे हे सगळं दारातून बघत होता. मावशी गेल्यावर म्हणाला, “क्यों भाई, रिश्ता पक्का?”

पक्का झाला, पण मी मनातून खट्टू होतो. दुकानात गेलो तर मावशींनी यादीतला काचेचा डबा काढून टाकला होता. साधा पत्र्याचा, पुढे जाळीला धुळीची गाळणी असलेला. कार्ड एक पायरी खालचं. वाचलेले पैसे चांगला पॉवर सप्लाय, यूपीएस आणि हेडफोन यांत घातले होते. हेडफोन तर मला फारच महाग वाटला. गजू हसेल, असं मी म्हणालो.

“लाव त्याला फोन.”

गजू तावातावाने बोलायला लागला. ह्या कार्डवर गेम अडखळतील, पुढच्या वर्षी परत पैसे घालावे लागतील. मावशींनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, “तुज्या खोलीत तांबं कालं पडतं काय रं, पुनेवाल्या?”

“नाही...”

“लाईट दिवसातून किती येला जाते?”

“जात नाही शक्यतो.”

“हतं जाते. पडदा तुमचा दोघांचा साधाच हाय, त्येला ह्ये कार्ड पुरतं. मोठं कार्ड घेतलं आनि लाईट गेल्यावर बंद पडलं, तर तू खेलशील कोनाबरोबर?”

गजू हसला. मग म्हणाला, “पण मावशी, रॅमची एक पट्टी घालू नका. दोन घाला, तेवढ्याच मापाच्या. चाल वाढते.”

“ह्ये पोराचं बरोबर हाय,” असं म्हणून त्यांनी लगेच दोन काढल्या.

पहिल्या रविवारी मशीन सुरू केली, हेडफोन लावला. आधी नुसती खरखर. मग गजूचा आवाज आला, “हायीस का रं?” फोनवर तो विहिरीतून बोलल्यासारखा यायचा. आता शेजारी बसल्यासारखा आला. त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, तो चिवडा खात होता तेही ऐकू येत होतं. “चघळू नको, बोल,” मी म्हणालो आणि बाहीने डोळे पुसले. तो महाग हेडफोन कशासाठी होता ते तेव्हा कळलं. खेळ आम्ही हरलो. पडदा मला नीट दिसतच नव्हता.

पावसाळा संपला की मशीन आतून साफ करून घ्यायची, असा मावशींचा नियम होता. मी डबा पोत्यात गुंडाळून रिक्षाने दुकानात नेला, तर आतून आरडाओरडा. मावशी कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. पलीकडून एक लहान पोर ओरडत होतं, “आजी, पळ ना! आजी, तू परत मेलीस!”

“मेले रं, मेले. काय करू, माजा मानूस भिंतीलाच चिकटतो!”

तो त्यांचा नातू. लेक आयर्लंडला नर्स आहे. खेळ संपल्यावर मावशी पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “व्हिडिओवर आजीशी बोल म्हटलं की पोर पलतं. हाय आजी, बाय आजी, झालं. खेलायला बसलं की तोंड मिटत नाय. आनि मराठीत बोलतं. आजीला इंग्लिशमधून वरडून काय उपयोग, ते त्याला ठावकी हाय.” मग चष्मा परत चढवत म्हणाल्या, “मी मुद्दाम नाय हरत हां. मला येतच नाय.”

मग मला कळलं की गेमचं नाव सोडून ‘कोनाबरोबर’ हा प्रश्न त्यांनी मला आधी का विचारला होता.

पुढे गजूला नोकरी लागली. आधी एखादा रविवार चुकला, मग एखादाच जमायला लागला. भांडण झालं नाही. त्याचं लग्न ठरलं, त्याला वेळ नव्हता, आणि त्यात त्याची चूकही नव्हती. ज्या भीतीने मी कॉम्प्युटर घेतला ती शेवटी खरी झालीच. मी रविवारी मशीन सुरू करायचो, गजूच्या नावापुढचा दिवा विझलेला बघायचो आणि बंद करायचो.

याच सुमारास मावशींनी दुकान आवरलं. लेकीला दुसरं मूल होणार होतं आणि तिने आईला कायमचं बोलावून घेतलं. जायच्या आधी त्या स्कूटरवरून बोईसर, बेटेगाव, पलीकडच्या वाड्या असं सगळं फिरल्या, दिलेल्या मशिनी बघत. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी डबा उघडला, फुंकर मारली, तारांची टोकं तपासली. “चांगली ठेवलीस.” मग पडद्याकडे बघून विचारलं, “पुनेवाला काय म्हनतो?”

मी सांगितलं. काळजी करू नको, होईल सगळं, असलं त्या काही म्हणाल्या नाहीत. “मग इकतोस काय हिला?”

मी डब्याचं झाकण परत लावायला घेतलं.

“खेलातलं नाव काय तुजं?”

“जिंतूर का शेर.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “शेर. कुलूप दोनदा ओढून बघनारा शेर.” आणि टेस्टर माझ्या टेबलावर ठेवून उठल्या. विसरल्या असं वाटून मी मागे धावलो, तर स्कूटर सुरू करत म्हणाल्या, “ठेव. तिकडं भिंतीतल्या बोर्डाला हात लावायला बी लायसनवाला मिस्त्री लागतो म्हनं.” मी वाकून पाया पडलो. रस्त्यातच. पांडे बघत होता, या खेपेला त्यानेही हात जोडले.

त्या गेल्यावर बरेच दिवस काहीच नाही. मशीनवर आईचा जुना टॉवेल टाकून ठेवला होता. मग एका रविवारी संध्याकाळी काढला तो आणि मशीन सुरू केली, कशासाठी कोण जाणे. पडद्यावर एक निरोप थांबलेला होता. कोणीतरी मला आपल्या गटात बोलावत होतं. खेळाडूचं नाव होतं, सासूबाई.

हेडफोन लावला. पोर आधीच ओरडत होतं, “आजी, शेर आला! पण तू भिंतीतून निघ आधी!”

“निघते रं. ये परभनी! ऐकू येतं काय?”

“येतं, मावशी. शेजारी बसल्यासारखं येतं.”

“येनारच. हेडफोन कोनी दिलाय? हतंबी समुद्र हाय, पन वास नाय कसला. तुज्याकडं वास कसा हाय? गडू बघितलास काय?”

मी वळून बघितलं. इतक्या दिवसांत हात लागला नव्हता. गडू पार काळा पडला होता.

“काळा झालाय, मावशी.”

“मग जा, घासून ये आधी,” सासूबाई म्हणाल्या. “आमी दोघं थांबतो.”