आडव्या बोटाची उंची

तिसऱ्या वळणावर थोरलीने पिशवीचा बंद सोडून दिला. आतलं शिवणयंत्राचं डोकं धाकटीच्या पायावर पडता पडता राहिलं.

"अहो जाऊबाई, पाय गेला असता माझा!"

"गेला नाही ना? मग बोंबलतेस कशाला?" थोरली रस्त्याकडेच्या दगडावर टेकली. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, पण जीभ शाबूत होती.

पुलाचं काम निघालं म्हणून बसने सगळ्यांना चढाच्या पायथ्याशीच उतरवून दिलं होतं. भर दुपार, घर अजून दीड तासावर. यंत्र नणंदेचं. तिने ते धाकटीला द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की थोरलीला सोबत घेऊन ये, मागाहून मला बोल नको. त्यामुळे अकरा वर्षं एकमेकींच्या उंबऱ्याला पाय न लावलेल्या या दोन जावा आज एका पिशवीचे दोन बंद धरून चालत होत्या. ओझं एकटीला झेपण्यातलं असतं, तर धाकटीने थोरलीला बसमधून उतरल्या उतरल्याच रामराम ठोकला असता.

थोरली रक्तपेढीत कामाला. लोक तिला थेंबबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. बावीस वर्षांपूर्वी ती तिथे बाटल्या धुवायला लागली, तेव्हा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि धाकटा दीर शाळेत. बाटल्या धुता धुता बघून शिकली आणि एक दिवस दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसली, ती बसलीच. टेबलावर मोरचुदाच्या निळ्या पाण्याचा पेला. रक्त द्यायला आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, एक थेंब आडव्या बोटाच्या उंचीवरून पाण्यात सोडायचा आणि पंधरा मोजायचे. थेंब तळाला गेला तर रक्तात लोखंड पुरेसं, माणूस आत. तरंगला, नाहीतर मध्येच घुटमळून वर आला, तर माणूस घरी.

यात तिने कधी कुणाची गय केली नाही. दंड थोपटत आलेल्या पैलवानाला परत पाठवलं, साहेबाच्या मेहुण्याला परत पाठवलं. आणि अकरा वर्षांपूर्वी, वडिलांच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला धावत आलेल्या धाकटीलाही. रांगेतल्या चाळीस माणसांसमोर म्हणाली, "पाटीच्या पेन्सिली खातेस ना? तरीच! हिच्यात लोखंड नाही, नुसता तोरा आहे. पुढचा!"

वडील वाचले, रक्त दुसऱ्यांनी दिलं. पण ते 'पुढचा!' धाकटीच्या कानातून काही निघालं नाही. त्याच संध्याकाळी थोरलीने तिच्या ओट्यावर लोहाच्या गोळ्या आणून आपटल्या होत्या. "चहाबरोबर घेतल्यास तर पाण्यात जातील. लिंबू पिळून घे." धाकटीने घेतल्या, चार महिन्यांत बरी झाली, आणि त्या बरं होण्याचाही तिला राग आला.

"उठा आता," धाकटी म्हणाली. "की तुम्हाला आणि यंत्राला, दोघांनाही मीच वाहून नेऊ?"

"तू नेणार मला? तुझ्या सात पिढ्या..." पुढचं बोलायला थोरलीचा श्वास पुरला नाही.

धाकटीला आतून बरं वाटलं. वाटू नये, देव वरून बघतो, हे तिला कळत होतं. तरी वाटलं.

चौथ्या वळणाशी थोरली पुन्हा थांबली. पदराची गाठ सोडून तिने काहीतरी तोंडात टाकलं. कर्र.

तो आवाज धाकटीने झोपेतही ओळखला असता.

"काय खाताय?"

"बडीशेप."

"बडीशेप अशी वाजते? दात पडायला लागलेत की काय?" धाकटीने सरळ तिचा हात ओढला. मुठीत पाटीच्या पेन्सिलीचे दोन तुकडे, रक्तातलं लोखंड घटलं की खावेसे वाटतात तेच. नखं बसकी, मधोमध खोलगट, बोटांना कागदाचा रंग.

"सोड हात! माझी तपासणी करणारी तू कोण गं? मी ठणठणीत आहे. दर महिन्याला स्वतःचा थेंब बघते. बुडतो."

"टाकतं कोण?"

"मीच. दुसरं कोण टाकणार, तुझा भाऊ?"

"किती उंचीवरून?"

थोरली रस्त्याकडे बघायला लागली.

"जाऊबाई, आडव्या बोटावरून की आणखी वरून?"

"वीतभर," थोरली म्हणाली. इतक्या हळू, की ते तिचं बोलणं वाटेना.

वीतभर उंचीवरून सोडलेला थेंब पडण्याच्या जोरानेच पाण्यात खोल शिरतो. हे कुणाला सर्वांत पक्कं ठाऊक असेल, तर याच बाईला. शिकायला आलेल्या मुलींचा हात जरा वर गेला, की ही पट्टीने मारायची.

"आणि पंधरा मोजता?"

"सात."

"मग?"

"मग पेला ओतून देते."

धाकटीने पिशवी खाली ठेवली. "अंगावरून जातंय किती?"

"आठ महिने झाले. महिन्यातले वीस दिवस." थोरलीने पदराने तोंड पुसलं. "बायकांची पाळी या वयात थांबते, माझी उघडली."

"आणि डॉक्टरकडे जायला पाय दुखतात?"

"डॉक्टर सुट्टीवर बसवेल. त्या टेबलावरून इतकी वर्षं मी लोकांना उठवलंय. मला कोण उठवणार?"

"मरण उठवेल!" धाकटी ओरडली. वरून येणारा एक सायकलवाला दचकून बाजूला झाला. "गोळ्या आपटताना मला काय ऐकवलं होतंत? माणसाच्या सगळ्या अंगातलं लोखंड गोळा केलं तर एक खिळा होईल, आणि देवाने सगळं घर त्या एका खिळ्याला टांगलंय. रक्तातलं लोखंड म्हणजे हमाल. फुप्फुसाच्या दारात प्राणवायू पाठीवर घेतो आणि मेंदूत, हृदयात, पार पोटरीपर्यंत नेऊन उतरवतो. हमाल घटले की उरलेल्यांना दुप्पट खेपा. छाती उगाच नाही धडधडत तुमची. तुम्ही दगडावर बसलात, पण काळीज अजून चढावर पळतंय!"

"पाठ केलंयस की."

"अकरा वर्षं. तुमच्याच तोंडावर मारायला."

थोरली हसली. हसतानाही धाप लागली. धाकटीने तिच्या खालच्या पापणीची कड ओढून बघितली; पांढरीफटक. थोरलीने हात झटकला नाही, आणि तेव्हा धाकटी खरी घाबरली.

मग धाकटीने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, वीस पावलं पुढे नेऊन ठेवली, परत येऊन थोरलीला दंडाला धरून तिथवर आणलं. पुन्हा पिशवी, पुन्हा थोरली. "काखेत हात घालू नकोस, गुदगुल्या होतात," "घालत नाही, पडा मग," असं करत दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले. दोघींनी एकमेकींच्या माहेरचा सगळा उद्धार करून घेतला.

थोरलीच्या दारात धाकटीने तिला पायरीवर बसवलं आणि पिशवी उचलायला वाकली. थोरलीने बंद धरून ठेवला.

"उद्या पेढीत ये. नऊला, रांग लागते तेव्हा."

"कशाला?"

"माझा थेंब तू टाक. आडव्या बोटावरून. पंधरा मोज, मोठ्याने. आणि वर आला तर माझ्या कानाशी येऊन कुजबुजू नकोस. गोडीत सांगितलंस तर मी घरी येऊन चहा पिऊन झोपेन, मला मी ठाऊक आहे. मी तुला सांगितलं होतं तसं सांग, सगळ्यांच्या देखत. आणि शेवटी 'पुढचा!' म्हणायला विसरू नकोस."