पुस्तकातली आई

आमच्या आईचा फोटो नाही. एकही नाही. बाबा नागपुरात मास्तर होते, ती मौद्याकडच्या गावात शेत अन् सासूसासरे सांभाळायची. स्टुडिओत जाऊन फोटो काढायचं राहूनच गेलं. ती गेली तेव्हा मी पाळण्यात होते अन् दादा चार वर्षांचा. दादाला काकांनी गावीच ठेवून घेतलं, मला बाबांनी नागपुरात वाढवलं.

बाबांच्या कपाटात इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं. दरबार, शिकारी, वेढा पडलेले किल्ले, सगळं बारीक रेघांनी काढलेलं. शाळेत पोरींनी एकदा 'बिनमायची' म्हणून चिडवलं अन् मी रडत घरी आले, तेव्हा बाबांनी ते पुस्तक काढलं. किल्ल्याच्या पायथ्याशी भरलेला बाजार होता. त्या गर्दीत कडेवर पोर घेतलेली एक बाई मागे वळून पाहत होती. बाबा म्हणाले, "अशी दिसे तुही माय."

झालं. राजे गेले खड्ड्यात, मला माझी आई मिळाली. परीक्षेला जाताना मी तिला सांगून जायची. लग्नात मांडवात जायच्या आधी पान उघडून तिच्या पाया पडले. हे कोणालाच सांगितलं नाही, दादालाही नाही.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरतात अन् शेजारी गेलेल्यांचे फोटो मांडतात. आईची घागर कायम फोटोविना. यंदा दादाच म्हणाला, पुस्तकातलं चित्र मोठं करून फ्रेम करू. म्हणजे बाबांनी त्यालाही दाखवली होती तर, मला केवढा आनंद झाला! तो बाबांच्या खोलीबाहेर पुस्तक घेऊन बसला अन् त्यानं भलतंच पान उघडलं. लढाईवरून परतणारं सैन्य, वेशीवर ओवाळायला उभी असलेली एक धारदार नाकाची बाई.

"हे पाह्य, आपली माय."

"चष्मा बदल गा दादा! ही कोण बया?"

"काहून वं? बाबांनी मले सोता दाखवली, सुट्टीत आलो होतो तवा."

"मलेही बाबांनीच दाखवली. बाजारातली."

"तू पाळण्यात होती. मले तिचं तोंड आठवते."

माझं तोंड दुप्पट उघडलं. साठी उलटलेले दोघं आम्ही, छापील बायकांवरून हमरीतुमरीवर आलो. शेवटी पुस्तक घेऊन बाबांच्या खाटेपाशी गेलो. बाबा आता उठत नाहीत, पण कान अजून शाबूत आहेत.

त्यांनी दोन्ही पानं पाहिली. पुस्तक छातीवर ठेवलं.

"दोघीही नाही," ते म्हणाले. "मले तिचं तोंड आठवत नाही गा. ते गेली, अन् वरीसभरात पुसूनच गेलं. तुम्ही लेकरं रडून राहिले होते. जे पान उघडलं, त्यातली दाखवली."

मला भयंकर राग आला. जन्मभर कोणाच्या पाया पडले मी? कोणत्या चित्रकारानं कुठल्या बाजारात पाहिलेली ही बाई? आई मला मिळाली तरी कधी होती! मी बोलणार, तेवढ्यात बाबांनी दादाचा हात धरला.

"तुले आठवते म्हणाला ना तू? मी आयकलं. लय वर्षं झाले, इचारीन म्हणत होतो, पण बापानं लेकराले कसं इचारावं? सांग ना गा. कशी दिसे ते?"

मी दादाकडे पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. मघाशी माझ्यावर चढून बोलायला म्हणून म्हटलं होतं, ते आता त्याच्याच अंगावर आलं. बाबा मान उचलून त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

दादानं पुस्तक घेतलं. ओवाळणारीचं पान मागे टाकलं, माझ्या बाजाराचं काढलं अन् बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"अशीच होती, बाबा. हेच तोंड."

बाबांनी चष्मा मागितला. पुस्तक पार नाकाजवळ नेलं अन् बराच वेळ पाहत राहिले.

"बाप्पा," ते म्हणाले, "किती लहान होती गा."