कल्याणच्या लग्नाच्या सीडीतले आवाज

भुतंखेतं, करणी, अंगात येणं यातलं मी कधी काही मानलं नाही. चाळीत कुणी तसलं सांगू लागलं की मी भांडी घासायला उठायचे. पण हे माझ्याच कानांनी ऐकलेलं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, चार माणसांत बोलायला घाबरते... लिहिताना तेवढी भीती वाटत नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं. आम्ही कोपरला राहायचो. आमचे हे लग्नाचं शूटिंग करायचे. कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन सीडी बनवायचं काम तेव्हा नवीनच होतं आणि त्यात एक कटकट होती – आवाज हळूहळू चित्राच्या पुढे पळायचा. सुरुवातीला सगळं बरोबर. मंगलाष्टकांपर्यंत आलं की अंतरपाट अजून धरलेलाच आणि इकडे बँड सुरू. ते तपासायचं काम माझं. हेडफोन लावून बसायचं, अंतरपाट निघतो तेव्हाच बँड वाजतो का बघायचं. नाही जुळलं तर आवाज मागे सरकवायचं काम यांचं.

त्या दुपारी कल्याणच्या एका लग्नाची सीडी लावलेली. हे बाहेर गेलेले. भटजींचे ओठ हलत होते, पण आवाज भटजींचा नव्हता. माझ्या आईचा होता. मागे कुकरची शिट्टी.

"धाकटीला नलूकडेच राहू द्या आता. नलूची ओटी रिकामी, हिला दोन-दोन."

मग यांचा आवाज – "माझी ना नाही, आई."

"आणि ही?"

"ती काय बोलणारे? चार दिवस रडेल. तिला मी बघतो."

मग बँड.

नलूताई माझी थोरली बहीण, आंबिवलीला दिलेली. आई तिच्याकडेच राहायची. आणि धाकटी म्हणजे माझी सोनू, तीन वर्षांची.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. आता भटजींचाच आवाज, बँडही जुळलेला.

हे आल्यावर मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. हे हसले. "स्वस्तातली सीडी आहे गं, खरखरते. तुला काय वाट्टेल ते ऐकू येतं." कॅसेट तपासली. ती कोरीच आणलेली, आधीचं काही त्यावर नव्हतं. मी रडायला लागले तसे जवळ येऊन बसले. "वेडी आहेस का? पोटची पोर देईन मी कुणाला? सोनूची शपथ."

मी विश्वास ठेवला.

दिवाळीनंतर आम्ही आंबिवलीला गेलो. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी. कुकरची शिट्टी झाली आणि आई म्हणाली, "धाकटीला नलूकडेच राहू द्या आता..." पुढचं सगळं तेच. यांचंही तेच. "तिला मी बघतो."

सीडीत यानंतर बँड वाजला होता. इथे काहीच वाजलं नाही. ओलं लुगडं हातात तसंच घेऊन मी आत गेले.

"सोनू कुठे राहणार नाही," मी म्हटलं.

"परक्याकडे का देतोय?" आई म्हणाली. "मावशीच ना तिची?"

नलूताई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पुरे कर आई. मी कुठे मागितली होती?"

हे म्हणाले, "नुसतं बोलत होतो गं आम्ही."

परतताना सोनू माझ्या मांडीवर झोपलेली. मी विचारलं, "मी तुम्हाला हेच सांगितलं होतं ना?"

"कधी?" हे म्हणाले आणि रिक्षाबाहेर बघत राहिले.

जे बोलणं अजून झालंच नव्हतं, ते त्या सीडीत कसं आलं? मी पुढे दोघा-तिघा जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं केबलमधून आवाज शिरला असेल, कुणी म्हणालं रेडिओचा. मला पटलं नाही. पण त्याचं एक वेळ सोडून देईन. यांनी ते शब्द आधी माझ्या तोंडून ऐकले होते, लेकीची शपथ घेतली होती, आणि तरी एकही शब्द न बदलता तेच बोलले... ते कसं, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.