एक दिवस हात बघू

बारामतीत स्वयंपाकाला बाई मिळत नाही, असं रडगाणं घरोघरी चालू असतं. साफ खोटं आहे. मी माझ्या आईला गाडीवर मागं बसवून दारोदार फिरवलंय, म्हणून ठणकावून सांगते.

हे काम मला आमच्या संघटनेच्या ताईंनी दिलं होतं. स्वयंपाकाच्या बायकांना कुठं कुठं मागणी आहे ते बघ, मग आपण त्यांना एकत्र आणू, असं त्या म्हणाल्या. पत्रक लिहायलाही त्यांनीच शिकवलेलं. वाक्य छोटं ठेवायचं, गोल गोल बोलायचं नाही, ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायचं. आईला तर काम हवंच होतं. आमच्या निरवांगी गावात लग्न असो की जयंतीचं जेवण, चुलीपुढं तीच असायची. आता गुडघे वाकेनात, खुरपणीला बसवेना. सावलीतलं, उभ्यानं करायचं, रोजचं काम मिळालं तर बघ, एवढंच तिचं म्हणणं.

मागणी भरपूर निघाली. एमआयडीसीत दोघंही नोकरीला जाणारी जोडपी, डॉक्टरांची घरं, इंदापुरात पोरं पुण्याला गेलेली म्हातारी माणसं. सगळ्यांना हातावरची भाकरी पाहिजे. पण दारातच विचारायचे, कुठल्या तुम्ही? निरवांगी म्हटलं की पुढचा प्रश्न, आडनाव? आम्ही बौद्ध. आडनाव ऐकून बरेच जण 'कळवतो' म्हणायचे. उरलेले म्हणायचे, एक दिवस हात बघू. म्हणजे एक दिवस येऊन स्वयंपाक करा, चव पटली तर ठेवतो. इकडची रीतच आहे ती, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आईही उत्साहानं जायची. आणि दर वेळी त्या घरात नेमका कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर बारसं निघायचं. पंगती उठल्या की त्यांचंही 'कळवतो'.

मी तणतणत ताईंकडं गेले. त्या म्हणाल्या, अगं, लोकांकडं कशाला फिरवतेस तिला? मलाच कायमची बाई हवीय. रविवारी घेऊन ये. मग हसून म्हणाल्या, रीतीप्रमाणं हात बघू.

मला तर भरून आलं. ताईंच्या ताटात मी जेवलेली. आमच्या दारात आल्या की त्या आधी मोठ्यानं 'जय भीम' म्हणणार, मग चप्पल काढणार. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

रविवारी ताईंनी आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं. पुढं फरशी ओली आहे म्हणाल्या. मासवडी आणि रस्सा करायला सांगितला. तीळ-खोबऱ्याचं सारण भरून बेसनाची वळकटी फुटू न देता गुंडाळायची, हे काम येरागबाळ्याचं नाही. मी खोबरं किसत होते. ताईंची लेक, माझ्याच वयाची, पैठणी नेसून ओट्यापासून लांब उभी होती. साडीवर डाग पडायला नको म्हणून.

तिला बघायला इंदापूरकडचे पाहुणे आले होते. आम्हाला ते गाड्यांचे आवाज आल्यावर कळलं. ताईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ताटं न्यायला त्या स्वतः येत होत्या, आमच्याकडं न बघता.

दाराआडून सगळं ऐकू येत होतं. मुलाची आत्या म्हणाली, "वडी एक फुटली न्हाय बघा. कुणी केली?"

ताई म्हणाल्या, "सगळं लेकीनं केलंय. मी हातसुद्धा लावला नाही."

दुसरं वाक्य खरं होतं.

आत्यानं लेकीला विचारलं, पीठ किती शिजवलंस गं? तात्या म्हणून कुणी होते, ते म्हणाले, लाजतीय पोरगी, खाऊ द्या की आता. सगळे हसले. मी उठले. दार उघडून एकच वाक्य बोलायचं होतं. आईनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

"बस खाली. तिचं जुळतंय. पोरीनं काय केलंय आपलं?"

पाहुणे गेल्यावर मी ताईंना सरळ विचारलं, खोटं का बोललात? लग्नाच्या वेळी सगळेच बोलतात, म्हणाल्या. मग आईचं काम? त्या बेसिनकडं बघत म्हणाल्या, "आता त्यांचं येणं-जाणं राहणार. जुनी माणसं आहेत. स्वयंपाकघरात कोण आहे ते विचारणारच. माझं काही नाही गं, तुला माहितीय. पण थोडं थांबू या."

माझं काही नाही. दारोदारच्या 'कळवतो'मध्ये निदान एवढा शहाणपणा नव्हता.

आईनं ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि गाडीवर येऊन बसली. काटेवाडी मागं पडल्यावर म्हणाली, "रस्सा खारट कराय पायजे हुता." मला हसू आलं आणि हसता हसता समोरचा रस्ता दिसेना, म्हणून गाडी उसाच्या कडेला घेतली. आई उतरली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

लग्न जमलं. ताईंचा निरोप आला, घरकाम करणाऱ्या बायकांच्या सन्मानावर पत्रक हवंय, तूच लिही. मी लिहिलं नाही. संघटनेत पुन्हा गेलेही नाही. हे लिहितेय, पण यात ताईंचं नाव नाही. त्यांनी शिकवल्याप्रमाणं ते पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. आईनं शपथ घातलीय, त्या पोरीच्या संसारात विष कालवायचं नाही म्हणून.

आईचं काम शोधणं चालूच आहे. 'एक दिवस हात बघू' म्हटलं की आता ती दारातच विचारते, "त्या दिवशी पाहुणं कोण येणार न्हाय न्हवं?" लोकांना ते उद्धट वाटतं. अजून तिला कुणी ठेवलेलं नाही.